टक्का कोणता आणि कशासाठी?

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात दिव्यांगांसाठीच्या सरकारी रोजगार व प्रशिक्षण योजनांची ओळख करून देताना ‘पात्रतेचे प्रमाणपत्र सोबत जोडावे’ असे एक वाक्य मी सहज लिहून गेलो. त्या एका वाक्यावर ठाणे, कळवा, ऐरोली, महापे, रबाळे आणि वाशी येथून पत्रे आली. बहुतेकांचे म्हणणे असे की दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे, पण ते पुढच्या टेबलावर चालत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत कामगार कल्याण अधिकारी म्हणून मी बरीच वर्षे काढली असल्यामुळे ते टेबल मी दोन्ही बाजूंनी पाहिलेले आहे. निवडक सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. आजार आणि नोकरी या दोन्ही खासगी बाबी असल्याने पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

ऐरोलीच्या एक वाचक विचारतात : माझा मुलगा २४ वर्षांचा असून त्याला लहानपणापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. तो शाळेत असताना रुग्णालयाच्या वैद्यकीय बोर्डाने दिलेले, तीन डॉक्टरांच्या सह्यांचे प्रमाणपत्र आमच्याकडे आहे. सरकारी कौशल्य प्रशिक्षण योजनेतून त्याला एका कंपनीत घ्यायचे ठरले. पण ‘हा कागद जुना आहे, यूडीआयडी (दिव्यांगांचे केंद्रीय ओळखपत्र) आणा’ असे तेथे सांगण्यात आले. जुने प्रमाणपत्र रद्द झाले आहे का? सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतील का?

उत्तर : केवळ जुने झाले म्हणून कोणतेही प्रमाणपत्र रद्द होत नाही. १९९५ च्या कायद्याखाली दिलेली प्रमाणपत्रे, त्यांवर जी मुदत लिहिलेली असेल त्या मुदतीपर्यंत, २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आल्यानंतरही वैध राहतील अशी तरतूद नियमांत आहे. तेव्हा आधी तो कागद उजेडात धरून त्याचा खालचा भाग नीट वाचावा. तेथे ‘पुनर्तपासणीची शिफारस केली जाते / केली जात नाही’ अशा अर्थाचे छापील वाक्य असते आणि त्यातील नको तो भाग डॉक्टरांनी खोडायचा असतो. असे कित्येक कागद माझ्या हातून गेले आहेत ज्यांत काहीच खोडलेले नाही, किंवा ‘___ वर्षांनी’ या रिकाम्या जागेत कोणीतरी पेनाने ‘५’ असा आकडा घातला आहे आणि तो घरात कोणाच्याच ध्यानात आलेला नाही. शाळकरी मुलांच्या प्रमाणपत्रांत हे विशेष आढळते. तो आकडा असेल, तर आपल्या प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपलेली आहे आणि कंपनीचे म्हणणे, कारण चुकीचे सांगितले असले तरी, बरोबर आहे.

मुदत संपलेली नसली तरी यूडीआयडी काढणे शहाणपणाचेच आहे. महाराष्ट्रात या कागदाच्या तीन पिढ्या झाल्या : हाताने भरलेले बोर्डाचे प्रमाणपत्र, त्यानंतर एसएडीएम या राज्याच्या संगणक प्रणालीतून छापून मिळणारे, आणि आता केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून निघणारे यूडीआयडी कार्ड. १ जून २०२१ पासून देशात कोठेही दिव्यांगत्व प्रमाणपत्र ऑनलाइन पद्धतीनेच द्यावे असे बंधन आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या १७ योजनांसाठी यूडीआयडी क्रमांक मागितला जातो. कार्ड हातात यायला वेळ लागत असेल तर वैध प्रमाणपत्र आणि पोर्टलवरील नोंदणी क्रमांक यांवर काम भागावे अशी सोय त्याच वेळी ठेवलेली आहे. कंपनीला हे नम्रपणे, पण लेखी कळवावे.

अर्ज करताना ‘माझ्याकडे आधीचे प्रमाणपत्र आहे’ हा पर्याय निवडून त्याची स्वच्छ प्रत चढवता येते. सर्व तपासण्या पुन्हा कराव्या लागतील की जुन्या नोंदीवरून काम होईल, हे रुग्णालय ठरवते. श्रवणदोषाच्या बाबतीत मात्र पुन्हा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) काढण्याची तयारी ठेवूनच जावे. कायद्याच्या परिशिष्टात दोन्ही कानांत ७० डेसिबल इतकी श्रवणहानी असेल तर ‘कर्णबधिर’ आणि दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल असेल तर ‘श्रवणदोष असलेली व्यक्ती’ अशी व्याख्या आहे. आणि बोर्डासमोर बसलेल्या डॉक्टरांना पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षा आजचा आकडा हवा असतो, यात त्यांची चूक नाही. येथे एक घरगुती सूचना करतो. लहानपणीच्या बेरा चाचणीचा (कानातून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे पाहणाऱ्या तपासणीचा) अहवाल पुष्कळदा थर्मल पेपरवर निघालेला असतो आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये राहून राहून त्यावरची रेघ उडून जाते. माझ्याकडे एक वडील असा कागद घेऊन आले होते. त्यावर फक्त रुग्णालयाचा शिक्का उरला होता, मुलाचे ऐकणे आणि न ऐकणे दोन्ही पुसले गेले होते. असे कागद घरात असतील तर आजच त्यांची झेरॉक्स काढून ठेवावी.

अर्ज अडतो तो बहुधा वैद्यकीय कारणाने नव्हे, नावाने. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एक, आधारवर दुसरे, जुन्या प्रमाणपत्रावर घरातले लाडाचे नाव आणि जन्मतारखेच्या जागी नुसते वय, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. यूडीआयडी आधारशी जोडले जात असल्यामुळे आधी आधार दुरुस्त करून घ्यावे आणि मगच अर्ज भरावा. उलट क्रमाने गेल्यास दोन्ही ठिकाणी खेटे पडतात. पत्ताही पाहावा, कारण अर्ज राहत्या जिल्ह्याच्या वैद्यकीय प्राधिकरणाकडे जातो. ऐरोली ठाणे जिल्ह्यात येते, पण आधारवर अजून गावचा सातारा किंवा जळगाव असेल तर पोर्टल आपल्याला तिकडचे रुग्णालय दाखवील. २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्र देण्यास एक महिन्याची मुदत होती, ती ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने तीन महिने झाली आहे. त्याच दुरुस्तीनुसार दोन वर्षे निर्णयाविना पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय होतो. त्यामुळे तारीख मिळून जाता आले नाही तर गप्प बसू नये, नवी तारीख मागून घ्यावी.

एक गोष्ट विचारलेली नाही, तरी सांगतो. मुलाच्या प्रमाणपत्रावर समजा ७० टक्के असे येईल. तो आकडा कानाचा आहे, मुलाचा नव्हे. सत्तर टक्के लिहिलेला कागद पाहून ‘म्हणजे हा तीस टक्केच काम करणार’ असा हिशेब करणारे पर्यवेक्षक मी पाहिलेले आहेत. भेटीच्या वेळी प्रमाणपत्रासोबत मुलाच्या प्रशिक्षणाचे गुणपत्रक आणि त्याने केलेल्या कामाचे दोन नमुने बरोबर न्यावेत आणि ते आधी टेबलावर ठेवावेत.

कळव्याचे एक वाचक विचारतात : प्रेस मशिनवर माझ्या उजव्या हाताची बोटे गेली. बोर्डाने ३६ टक्के दिले. चाळीसला चार टक्के कमी पडल्यामुळे कोणतीही सवलत मिळत नाही. डावा डोळा तर लहानपणीच गेलेला आहे. एक एजंट टक्के वाढवून देतो म्हणतो. काय करावे?

उत्तर : एजंटाला घरात घेऊ नये. खोट्या मार्गाने दिव्यांगांचे लाभ घेतल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाल्यापासून जुन्या प्रमाणपत्रांकडेही संशयाने पाहिले जाते.

आपल्या पत्रातील महत्त्वाचे वाक्य शेवटून तिसरे आहे आणि ते आपण जाता जाता लिहिले आहे. डोळा बोर्डाला दाखवलाच नाही, असे दिसते. हाताचा अपघात झाला म्हणून आपण अस्थिव्यंग विभागात गेलात आणि तेथील डॉक्टरांनी हातच पाहिला. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असेल तर दृष्टीचे ३० टक्के धरले जातात. दोन वेगळ्या दिव्यांगत्वांची मात्र सरळ बेरीज करत नाहीत. मोठ्या आकड्याला ‘अ’ आणि लहान आकड्याला ‘ब’ म्हटले तर नव्वदमधून अ वजा करायचा, त्याला ब ने गुणून नव्वदने भागायचे आणि जे येईल ते अ मध्ये मिळवायचे. आपल्या बाबतीत नव्वद वजा छत्तीस म्हणजे ५४. त्याला तीसने गुणून नव्वदने भागले की १८. आणि छत्तीस अधिक अठरा म्हणजे ५४ टक्के. चाळीसची रेषा आपण एजंटाशिवायच ओलांडलेली आहे.

यासाठी एकाहून अधिक दिव्यांगत्वांचे प्रमाणपत्र मिळावे असा अर्ज करावा. त्याचा नमुना वेगळा असतो. दोन्ही विभागांची तपासणी एकाच दिवशी होईलच असे नाही, त्यामुळे एका दिवसाची रजा काढून गेल्यास मनस्ताप होतो. दोन दिवसांची काढावी. निकाल मान्य नसेल तर कलम ५९ खाली अपील करता येते. चाळीसच्या खाली राहिलात तरी हाती काहीच नसते असे समजू नये : आरक्षणासारख्या लाभांना चाळीस टक्के लागतात, पण नोकरीत भेदभाव होऊ नये आणि कामाच्या जागी वाजवी सोय मिळावी या संरक्षणाला ती अट नाही.

ठाण्याचे एक वाचक विचारतात : मी एका परिवहन उपक्रमात १७ वर्षे बसचालक आहे. मधुमेहामुळे गेल्या वर्षी उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कार्यालयातून ‘आता स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, पैसे लवकर मिळतील’ असे तोंडी सांगतात. अजून दिव्यांग प्रमाणपत्र काढलेले नाही. आधी प्रमाणपत्र काढू की अर्ज देऊ?

उत्तर : तो अर्ज देऊ नये. या उत्तरातील बाकी कोणताही सल्ला लक्षात राहिला नाही तरी चालेल.

२०१६ च्या कायद्याचे कलम २०, उपकलम ४ असे सांगते की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून काढू नये किंवा पदावनत करू नये. जुने काम जमणार नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर न्यावे, आणि तसे पद रिकामे नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत त्याच्यासाठी अधिसंख्य (मंजूर पदांहून जादा) पद निर्माण करावे. कायद्याच्या व्याख्येनुसार ‘शासकीय आस्थापना’ या शब्दात स्थानिक स्वराज्य संस्था आणि कायद्याने स्थापन झालेली महामंडळेही येतात. तेलंगणातील राज्य परिवहनाच्या एका चालकाला रंगांधळेपणामुळे अपात्र ठरवून घरी बसवले होते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पर्यायी नोकरी द्यावी असा निर्णय दिला. हा हक्क नोकरीत असणाऱ्याचा आहे. आपण स्वखुशीने राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती लिहून दिली की ‘काढले’ असे म्हणायची जागाच उरत नाही, आणि ज्याने तोंडी सल्ला दिला त्याला हे आपल्याहून चांगले ठाऊक असण्याची शक्यता आहे.

आता कागदांचा क्रम. या कलमात चाळीस टक्क्यांची अट लिहिलेली नाही, त्यामुळे यूडीआयडी येईपर्यंत थांबायचे कारण नाही. शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड आणि चालकपदासाठी अपात्र असल्याचा वैद्यकीय दाखला जोडून पर्यायी पदासाठी अर्ज करावा, त्यात कलमाचा उल्लेख करावा आणि आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. वैद्यकीय दाखल्यातील शब्द येथे फार महत्त्वाचे ठरतात. ‘कामास अयोग्य’ असे नुसते लिहिले असेल तर ‘जड वाहन चालवण्यास अयोग्य, बैठ्या कामास योग्य’ असा खुलासा डॉक्टरांकडून मागून घ्यावा. डेपोतील चौकशी खिडकी, पास विभाग, भांडार, तिकीट हिशेब अशा कामांपैकी आपण कोणती करू शकता तेही अर्जात नमूद करावे. प्रमाणपत्राचा अर्ज त्याच आठवड्यात करावा आणि नोंदणी क्रमांक मिळताच तो कार्यालयाला कळवावा. दाद मिळाली नाही तर कलम २३ प्रमाणे नेमलेला तक्रार निवारण अधिकारी, आणि त्यानंतर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त.

येथे एक खोच आहे. रस्त्यावर गाडी उपक्रमाच्या नावाची धावत असली तरी चालक ठेकेदाराचा असतो, असे हल्ली सर्रास दिसते. आपल्या पगारपत्रकावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहावे. ठेकेदाराचे असेल तर वरील तरतूद जशीच्या तशी लागू होणार नाही.

महाप्याहून एक वाचक लिहितात : मी आयटी कंपनीत आहे. सात वर्षांपासून बायपोलर आजारावर औषधे घेतो आणि नोकरी नीट चालू आहे. मानसिक आजारही कायद्यात आहे असे समजले. मी प्रमाणपत्र काढावे का? काढले तर कंपनीला सांगावे लागेल का?

उत्तर : १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले आणि त्यांत मानसिक आजार आहे. त्याचे मोजमाप ‘आयडियाज’ या भारतीय मापनपद्धतीने करतात. स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम या चार बाबींवर गुण दिले जातात आणि आजार किती काळ आहे तेही धरले जाते. यातील विसंगती आपल्या लक्षात आली असेलच : जो माणूस औषधे वेळेवर घेऊन रोज सकाळी महाप्याची बस पकडतो, त्याला ‘काम’ या रकान्यात कमी गुण मिळणार, आणि चाळीस टक्के होण्याची शक्यता तितकी घटणार. औषध बंद करून बोर्डापुढे जाण्याचा सल्ला मी स्वतः ऐकलेला आहे. इतका वाईट सल्ला दुसरा नसेल.

प्रमाणपत्र काढणे ऐच्छिक आहे आणि काढले तरी ते कंपनीला दाखवण्याचे बंधन, त्याच्या आधाराने काही मागत नसाल तोवर, आपल्यावर नाही. मानसिक आजाराविषयीची माहिती गोपनीय राहणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. मात्र रात्रपाळी नको आहे, किंवा दर महिन्याला डॉक्टरांकडे जायला अर्धा दिवस हवा आहे, अशी मागणी करायची असेल तर काही तरी सांगणे भाग आहे. त्यासाठीही चाळीस टक्के लागतात असे समजू नये. लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की वाजवी सोय मागण्यासाठी ठरावीक टक्केवारी ही पूर्वअट असू शकत नाही. आपल्या मनोविकारतज्ज्ञांकडून ‘वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी टाळावी’ एवढेच पत्र घ्यावे. आजाराचे नाव त्यात असलेच पाहिजे असे नाही.

ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि तेवढ्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा आपल्या भाषेत शंभर वर्षे मुरलेली आहे. ती ऐकून वाढलेल्या माणसाने कँटीनमध्ये आपला आजार सांगावा की नाही, हे मी बाहेरून ठरवणार नाही. एवढेच म्हणेन की सांगायचेच असेल तर आधी वरिष्ठाला नको. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनेला समान संधी धोरण करावे लागते आणि त्यात संपर्क अधिकारी नेमलेला असावा लागतो. त्याच्याशी बोलावे आणि आपली माहिती कोण कोण पाहील, हे आधी विचारून घ्यावे.

रबाळे एमआयडीसीतील एका लघुउद्योगाचे व्यवस्थापक विचारतात : आमच्याकडे ४५ कामगार आहेत, त्यांत तिघे दिव्यांग. आम्ही नेमके कोणते कागद ठेवावेत? मूळ प्रमाणपत्रे आमच्याकडे जमा करून घेतली आहेत.

उत्तर : ती आजच परत करावीत. कामगाराचे मूळ प्रमाणपत्र मालकाच्या कपाटात ठेवण्याला काहीही आधार नाही. त्याला लोकलच्या दिव्यांग डब्यापासून महापालिकेच्या योजनेपर्यंत ते कोठेही लागू शकते.

आपली संख्या वीसच्या वर असल्याने नियमांप्रमाणे नोंदवही ठेवावी लागते. तीत दिव्यांग कामगारांची संख्या व कामावर घेतल्याची तारीख, प्रत्येकाचे नाव, लिंग व पत्ता, दिव्यांगत्वाचे स्वरूप, करीत असलेले काम आणि त्याला दिलेल्या सोयी, एवढे हवे. निदानाचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या यांची गरज नाही. प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत ठेवावी, तात्पुरते असेल तर मुदत संपण्याची तारीख दिनदर्शिकेत नोंदवावी आणि तीन-चार महिने आधी कामगाराला आठवण द्यावी.

प्रमाणपत्राचा कामगाराला ताबडतोब होणारा फायदा बहुतेक पगार विभागांना माहीत नसतो. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वेतनमर्यादा इतरांना दरमहा २१,००० रुपये असली तरी दिव्यांग कामगाराला ती २५,००० रुपये आहे. म्हणजे बावीस हजारांवर गेलेल्या कामगाराला आपण योजनेतून बाहेर काढले असेल तर ती चूक दुरुस्त करावी. तसेच दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा अधिक असलेल्याला महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ आहे. वर्षाचे अडीच हजार रुपये ही आपल्याला किरकोळ वाटेल अशी रक्कम आहे. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या पगारातून ती अकरा वर्षे कापली जात होती, आणि ती कापणारा कारकून त्याच्याच शेजारच्या टेबलावर बसून त्याच्या डब्यातली भाजी खात असे.

वाशीच्या एक वाचक विचारतात : माझ्या नणंदेचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. सरकारी इमारतींच्या सफाईचे काम घेणाऱ्या एका संस्थेत तो नोकरी करतो. दर वर्षी त्याला बसवून प्रश्न विचारतात आणि एक अहवाल भरतात, त्यामुळे घरचे धास्तावतात. तेथे आपल्यासारखे टक्क्यांचे प्रमाणपत्र नसते का?

उत्तर : वर्णनावरून तो ‘अ‍ॅबिलिटीवन’ या नावाने चालणाऱ्या कार्यक्रमातील कामगार असावा असे वाटते. त्याचे मूळ १९३८ च्या कायद्यात आहे. सरकारला लागणाऱ्या काही वस्तू अंध कामगारांकडून घ्याव्यात अशी ती सुरुवात होती. १९७१ मध्ये इतर तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांचा समावेश झाला आणि वस्तूंबरोबर सेवाही आल्या. अशा संस्थेने वर्षभरात प्रत्यक्ष कामाचे जितके तास भरले त्यांतील किमान ७५ टक्के तास अंध किंवा तीव्र दिव्यांग व्यक्तींनी केलेले असावे लागतात. टक्का तेथेही आहे, पण तो माणसावर लिहिलेला नसून संस्थेच्या तासांवर मोजला जातो.

त्यामुळेच पुराव्याची जबाबदारी संस्थेवर येते. प्रत्येक कामगाराची फाइल ठेवावी लागते. अंध व्यक्तीच्या फाइलमध्ये दृष्टीची तीव्रता आणि दृष्टिक्षेत्र सांगणारा अहवाल असतो. इतरांच्या फाइलमध्ये दिव्यांगत्वाचे स्वरूप व व्याप्ती सांगणारा डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ यांच्या सहीचा अहवाल असतो. याखेरीज हा माणूस बाहेरच्या खुल्या स्पर्धेतील नोकरी करू शकेल का, याचे मूल्यमापन कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून निदान एकदा करावे लागते. आपल्या भाच्याला दर वर्षी बसवतात ते यासाठी. आपल्याकडचे प्रमाणपत्र ‘शरीरात किंवा मनात किती उणीव आहे’ एवढेच सांगते आणि माणूस काय करू शकतो याविषयी गप्प राहते. तेथे निदान हा दुसरा प्रश्न विचारायची पद्धत आहे. ती मला जास्त बरी वाटते, जरी त्यात पेच आहेच : मुलगा चांगले काम करू लागला की ‘आता हा बाहेर जाऊ शकेल’ असा निष्कर्ष निघायचा, आणि घरच्यांना भीती नेमकी त्याचीच.

तरी नियमांत अशा संस्थांनी बाहेरच्या नोकरीत जागा मिळवून देण्याचे काम सतत चालू ठेवावे असेही म्हटलेले आहे, त्यामुळे अहवालात प्रगती लिहिली गेली तर पुढचा विषय बाहेरच्या नोकरीचा असायला हवा. नणंदबाईंनी बैठकीला स्वतः हजर राहता येईल का ते विचारावे, गेल्या वर्षीच्या अहवालाची प्रत मागावी आणि मुलगा कोणते काम कोणाच्या मदतीने करतो हे स्पष्ट सांगावे. यंत्र तोच चालवतो, पण द्रव किती घालायचे ते दुसरा सांगतो, असे असेल तर ते तसेच लिहिले गेले पाहिजे. आईच्या तोंडी ‘तो सगळं करतो हो’ हे वाक्य पटकन येते. त्या दिवसापुरते ते आवरावे.